अंगचोर

आबांचं आणि माझं पटत नाही असं नाही, पण आम्ही दोघं एका खोलीत बसलो की तिसऱ्या माणसाला काहीतरी काम आठवतं. आबा म्हणजे माझे वडील. ते तिकडं शाहूवाडीच्या डोंगरात भात पिकवतात, मी इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत दहावीच्या पोरांचे विज्ञानाचे क्लास घेते. आई गेल्यापासून ते गावात एकटेच असतात. एकटे म्हणजे, कुत्रं आहे. कुत्र्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण तेच नाव गावातल्या एका पुढाऱ्याचं आहे आणि आबांनी ते मुद्दाम ठेवलंय.

कुत्रं उंच, सडपातळ, लांब तोंडाचं. बापाकडून कारवानी शिकारी जातीचं, आईकडून गल्लीतलं. पुरतं दोन वर्षांचंही नव्हतं. ते पळायला लागलं की आबा हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे. माझ्या बोर्डाच्या निकालाचं त्यांनी एवढं कौतुक केलं नव्हतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. "तू बी तसं पळून दाखव, मग बघतो," म्हणाले.

भातकापणीच्या दिवसांत रानडुक्कर शेतात शिरलं आणि हे त्याच्या मागं सुटलं. आमच्याकडं बांधांना खेकड्यांची बिळं असतात. पळता पळता मागचा डावा पाय एका बिळात गेला, पाय तिथंच राहिला आणि अंग वळलं. एकदाच केकाटलं, आणि तीन पायांवर घरी आलं. आबांनी फोनवर सांगितलं, "मुका मार हाय. शीर आखडलीया. हुईल चार दिसात."

शिरेचं आबांना कळतं, असं गावात सगळे धरून चालतात. तरुणपणी ते कोल्हापुरात तालमीत होते. पुढं आजोबा आजारी पडले, शेतीला माणूस नव्हतं, म्हणून कुस्ती सोडून गावी आले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण मुरगळलेला हात, लचकलेली कंबर घेऊन लोक अजून त्यांच्याकडं येतात. ते स्वतः उजव्या पायात थोडे लंगडतात. त्याबद्दल घरात कुणी कधी विचारलं नाही, जसं कुणी कुणाच्या टकलाबद्दल विचारत नाही.

तर आबांनी कुत्र्याला आंबेहळदीचा लेप लावला, कोमट तेलानं रोज पाय चोळला. कुत्रं थोडं सुधारलंही. बोटं टेकून चालायला लागलं. मग एक दिवस मांजर दिसलं, पळालं, वळलं, आणि पाय परत वर. असं दोन-तीनदा झालं. चालताना बरं, पळायला गेलं की चार ढांगांत पाय उचलून घ्यायचं आणि आबांकडं बघायचं.

"अंगचोर झालंय," आबा फोनवर म्हणाले.

अंगचोर बैल म्हणजे जो जुवाखाली मान देतो पण ओढत मात्र नाही, सगळा भार जोडीदारावर टाकतो. आमच्याकडं बैलाला याहून वाईट शिवी नाही, आणि माणसाला तर नाहीच. अंगचोरावर औषध एकच, मेहनत. आबांनी कुत्र्याला साखळी लावली आणि मोटारसायकल हळू चालवत रोज सकाळी रस्त्यानं त्याला पळवायला सुरुवात केली. का, तर पाय मोकळा व्हावा.

हे मला शेजारच्या काकूंनी कळवलं. मी क्लासला सुट्टी दिली, गाडी ठरवली आणि गावाला गेले. कुत्रं ओसरीवर बसलं होतं, पण डावा पाय दुमडून न घेता बाजूला टाकून, खुर्चीचा एक पाय मोडल्यावर ती कलते तसं. त्या मांडीचं मांस दुसऱ्या मांडीपेक्षा उघड कमी झालं होतं. मी आबांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी जे उत्तर दिलं तेही नाही. शेवटी, "डॉक्टरला दावायचं तर दाव, पर मी संगं येणार. तिथं काय बी कापायला लावशील," असं म्हणून ते गाडीत पुढं बसले.

राजारामपुरीत माझ्या घरापासून चार-पाच गल्ल्या पलीकडं जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत. वयानं माझ्याहून लहान, आवाजानं मोठ्या. त्यांनी आधी कुत्र्याला पॅसेजमध्ये चालवून बघितलं, मग टेबलावर घेतलं.

"कुठं चोळत होता, आबा?" त्यांनी विचारलं.

आबांनी मागच्या पायाचा तो मागं वळलेला कोन दाखवला. "हितं. गुडघ्याला."

"ती टाच झाली. कुत्रा टाच वर उचलून चालतो. गुडघा हा, वर, पोटाजवळ." त्यांनी आबांचा हात धरून बरोबर जागेवर ठेवला. "चोळलंत छान, पण भलत्या घरी जाऊन."

मी हसले. विज्ञान शिकवणारी मी, मलाही ती टाच आहे हे त्याच क्षणी कळलं होतं, पण आबांकडं बघून हसायची संधी कशाला सोडा. आबा माझ्याकडं असे बघत होते की बाहेर गेल्यावर माझं काही खरं नाही.

मग बाईंनी अंग सैल पडायचं इंजेक्शन दिलं. कुत्रं पेंगायला लागल्यावर त्यांनी एका हातानं त्याची मांडी घट्ट धरली, दुसऱ्या हातानं गुडघ्याखालची नडगी, आणि नडगी पुढं ओढली. ती सरकली. टेबलाचा खण ओढावा तशी पुढं आली आणि सोडल्यावर मागं गेली. उजव्या पायाला तेच केलं, तो जागचा हलला नाही.

"गुडघ्यात दोन दोऱ्या असतात, एकमेकींवर फुली मारलेल्या," बाई सांगत होत्या. "त्यातली पुढची तुटलीय. तिचं कामच नडगीला पुढं सरकू न देणं. साधं चालताना निभतं. पण पळताना वळला की सांधा जागा सोडतो, कळ येते, आणि तो पाय उचलतो. ही दोरी आपोआप जोडली जात नाही. पळवून तर नाहीच. आतली गादीसुद्धा त्यानं फाटते."

मी आबांकडं बघितलं, आता काय म्हणता, अशा चेहऱ्यानं. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. त्या सरकलेल्या पायाकडं बघत होते.

"परत एकदा करा," ते म्हणाले.

बाईंनी परत करून दाखवलं. नडगी पुढं आली, मागं गेली.

आबा खाली स्टुलावर बसले आणि उजव्या पायाचा पायजमा मांडीपर्यंत वर ओढला. "आता माझा बघा."

"आबा, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"मग काय झालं? गुडघा गुडघाच की."

"मला माणसाला हात लावता येत नाही."

"नगा लावू. बघा नुसतं." आबांनी पाय सैल सोडून टाच जमिनीला टेकवली, दोन्ही हातांनी स्वतःची नडगी गुडघ्याखाली पकडली आणि पुढं ओढली. ती तशीच आली. अगदी तशीच. मी त्यांची मुलगी, इतकी वर्षं त्या पायाला नमस्कार करत आले, आणि तो गुडघा असा हलतो हे मला माहीत नव्हतं.

मग ते त्या टेबलाशेजारी, पेंगलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बोलले. कुस्ती आजोबांमुळं सुटली नव्हती. तालमीत सराव करताना पाय मातीत रुतून राहिला, वरच्या गड्यानं अंग फिरवलं, आणि गुडघ्यात खट् आवाज झाला. वस्तादांनी स्वतः पाय चोळला, बांधला, महिनाभर बसवलं. सूज उतरली. चालायला यायला लागलं. मग आखाड्यात उतरवलं. पकडीत गेलं, वळलं, की गुडघा जागा सोडायचा आणि आबा खाली. परत परत तसंच. वस्तादांना वाटलं, पोरगं भ्यालं. बाहेरून तर पाय चांगला दिसत होता.

"सगळ्या पोरांम्होरं म्हणाले, ह्यो अंगचोर हाय. ह्याच्यावर दूध फुकट घालू नगा. त्याच दिशी वळकटी बांधली आणि गावाकडं आलो. बाऽ आजारी हुताच, त्यो निमित्त झाला."

मला रागच आला होता, पण कुणावर ते ठरवता येईना. वस्ताद जाऊन बरीच वर्षं झालीत, आणि आबा त्यांच्या फोटोला अजून दसऱ्याला हार घालतात.

आबांनी पायजमा खाली केला. "मी तरी दुसरं काय केलं," ते कुत्र्याला म्हणाले. "गाडीमागं पळीवलं तुला." मग बाईंना म्हणाले, "ताई, करा आप्रेशन. कधी करताय?"

"कापायला लावशील" म्हणून भांडत आलेला माणूस हा. आता माझ्याच मनात शंका होत्या. कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. तुटलेली दोरी शिवता येत नाही, तिचे तुकडे काढून टाकायचे. आतली गादी फाटलीय का बघायची. मग सांध्याच्या बाहेरून, मांडीच्या हाडामागच्या एका बारीक हाडाला अडकवून नडगीला पाडलेल्या भोकातून जाड नायलॉनचा दोर ओवायचा आणि ताणून बांधायचा. भारी वजनाच्या कुत्र्याला हाड कापून, फिरवून, पट्टी बसवावी लागते. ह्याचं वजन बेताचं, वय कोवळं, दोरावर भागेल.

"आणि दोर तुटला तर?" मी विचारलं.

"तुटतोच कधी ना कधी. पण तोवर सांध्याभोवतीचं मांस घट्ट होऊन त्यानंच सांधा धरलेला असतो. दोर फक्त तेवढा वेळ मिळवून देतो. म्हणून पहिले काही आठवडे महत्त्वाचे. तेव्हा उडी मारली, पळाला, तर सगळं वाया. परत करायचं झालं तर ह्याच्याहून अवघड." मग आबांकडं बोट करून म्हणाल्या, "तेव्हा माझ्या परवानगीशिवाय मेहनत नाही."

ऑपरेशन झालं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो, तीन-चार वेळा चहा झाला. आबा सारखे उठून दाराच्या काचेला नाक लावत होते, मी सारखी त्यांना खाली बसवत होते. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गादी शाबूत आहे, दोर नीट बसलाय, आता पुढचं तुमच्या हातात.

गावात कुत्र्याला कोंडून ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून ते माझ्या फ्लॅटवर आलं, आणि त्याच्याबरोबर आबा आले. माझ्या घरात ते याआधी कधी एका रात्रीच्या वर राहिले नव्हते. ह्या घरात वारा येत नाही, नळाच्या पाण्याला चव नाही, शेजारचे दार लावून जेवतात, अशी त्यांची तक्रार असते. क्लासची जुनी बाकं आडवी करून मी हॉलच्या कोपऱ्यात एक कोंडवाडा केला. आत गोधडी, गोधडीवर कुत्रं, कुत्र्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, आणि बाकाला पाठ लावून आबा. शू-शीसाठी पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भाग उचलून धरून त्याला लिफ्टनं खाली न्यायचं. हे काम आबा करत. त्यांचा उजवा पाय आणि कुत्र्याचा डावा, असे दोघं कंपाउंडच्या भिंतीकडेनं चालले की आमचा वॉचमन हातातला मोबाइल ठेवून बघायचा.

खुराकावरून भांडण झालं. आबांना त्याला दूध, बदाम, मटणाचं सूप, सगळं द्यायचं होतं, हाड भरून यायला पाहिजे म्हणून. बाईंनी सांगितलं, वजन वाढलं तर दोरावर ताण येईल. "खायाला बी न्हाय आणि पळायला बी न्हाय, मग त्यो बरा कशानं हुणार?" आबांचा सवाल. "बसून," मी म्हणाले. बसून कुणी बरं होतं, हे त्यांना आयुष्यात पटलेलं नाही.

टाके निघाले, नरसाळं सुटलं. पुढं काही आठवड्यांनी बाईंनी पहिला व्यायाम दिला. कुत्र्याला हळूच खाली बसायला लावायचं, पाय सरळ दुमडलेला बघायचा, आणि मग उठवायचं. बस, ऊठ. थोडंसंच. त्यानं मांडी भरते.

आबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हंजे बैठका की!"

"हो, बैठकाच," बाई हसून म्हणाल्या.

तिथंच घोटाळा झाला. बाईंच्या तोंडी बैठका म्हणजे बस-ऊठ. तालमीतल्या माणसाच्या कानाला बैठका हा शब्द वेगळा ऐकू येतो. थोड्याशा बैठका असं काही तिथं नसतंच. घाम जमिनीवर पडून ओल दिसली पाहिजे, त्याच्या आत थांबलं तर त्या बैठका नव्हेत. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येईपर्यंत आबांनी चपातीचा तुकडा दाखवून दाखवून कुत्र्याला इतकं बसवलं-उठवलं होतं की ते जीभ काढून आडवं पडलं होतं. आणि आबा शेजारी बसून त्याला शाबासकी देत होते. संध्याकाळी गुडघा टम्म सुजला. पाय वर गेला.

मी फार बोलले. "तुमच्या वस्तादांनी तुमचं केलं तेच तुम्ही ह्याचं करताय," इथपर्यंत बोलले. आबा एरवी माझं एक वाक्य खाली पडू देत नाहीत. त्या दिवशी सरळ उठले. कुत्र्याला दोन्ही हातांत उचललं आणि दवाखान्यापर्यंत चालत गेले, रिक्षाला थांबायलाही तयार नव्हते. एवढं कुत्रं, तो पाय, आणि भर गर्दीची वेळ. मी मागून चप्पल वाजवत पळत होते.

बाईंनी गुडघा तपासला. दोन्ही हातांनी धरला, ओढला, परत ओढला. "दोर जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "सुजलाय नुसता. नशीब तुमचं. आता आठवडाभर काही नाही. आणि नंतर मी सांगेन तेवढंच." मग त्यांनी आबांना खडसावलं, चांगलं मोठ्यानं, कंपाउंडरसमोर. आबा शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून "व्हय ताई, चुकलं ताई" म्हणत राहिले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर आबांनी बाईंनी सांगितल्यापेक्षा एक बैठकही कमी-जास्त केली नाही. हळूहळू पाय टेकायला लागला. मग जोर द्यायला लागला. मांडी भरली. उन्हाळा लागल्यावर बाई म्हणाल्या, आता घेऊन जा गावाला, मोकळं सोडा, आणि पळतानाचा व्हिडिओ काढून आणून दाखवा.

आम्ही त्याला घेऊन कापलेल्या भाताच्या शेतात गेलो. खेकड्यांची बिळं आबांनी आदल्या दिवशीच दगड घालून बुजवली होती. पट्टा सोडला. कुत्रं उभंच राहिलं. आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आबांनी हाक मारली नाही, टाळी वाजवली नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याला वाटंल तवा." वरच्या बांधावरून टिटवी ओरडत उडाली तसं ते सुटलं. शेताच्या टोकापर्यंत गेलं, डावीकडं वळलं, आणि पाय खालीच राहिला. चारही पायांवर वळून ते आमच्याकडं येत होतं, तेव्हा माझा मोबाइल हलत होता, म्हणून त्या व्हिडिओत निम्मा वेळ नुसतं आभाळच दिसतं. मी खुशाल रडत होते. आबा फक्त बघत उभे होते.

तो व्हिडिओ घेऊन, कुत्रं घेऊन, आम्ही शेवटच्या तपासणीला राजारामपुरीत आलो. बाईंनी आभाळासकट सगळा व्हिडिओ बघितला. कुत्र्याला टेबलावर घेऊन नडगी ओढून बघितली. ती जागची हलली नाही. "ह्याच्यावर हात ठेवून बघा, आबा," त्या म्हणाल्या. आबांनी गुडघ्यावर हात ठेवला, बरोबर गुडघ्यावर, आणि ठेवूनच उभे राहिले.

"ताई, एक इचारू?"

"विचारा की."

"हे काय केलंच नसतं, नुसतं ठिवलं असतं, तर पळालं असतं काय हे?"

"लंगडत चाललं असतं. पळालं नसतं."

"न्हाय, पर समजा, त्यानं लई मनात आणलं असतं. जीव तोडून. मग?"

"मनात आणून काय होणार आबा? आतली दोरीच नाही म्हटल्यावर सांधा थांबणार कशानं? कितीही जिद्दीचं जनावर असू दे, खालीच येणार."

आबांनी मान हलवली. कुत्रं त्यांचं मनगट चाटत होतं. गुडघ्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"म्या लई मनात आणलं हुतं," ते म्हणाले.